मोठे होणारे मासे, दोन फुटी टाक्या आणि "नंतर बघू"

काचतळं

"तुमच्याकडे मोठी टाकी आहे ना? आमचे दोन शार्क घ्याल का?" असे फोन मला आता नेमाने येतात. कधी शार्क, कधी सकर, कधी ऑस्कर. गोष्ट तीच असते. दोन फुटी टाकी, हौसेने आणलेलं बोटाएवढं पिल्लू, आणि वर्षा-दीड वर्षात त्याला वळायलाही जागा उरत नाही. फोन करणारी माणसं वाईट नसतात. माशाची काळजी असते म्हणूनच तर फोन करतात. तरी हा विषय एकदा नीट बोलायला हवा, म्हणून हा धागा.

आधी शार्कबद्दल, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच. दुकानात 'शार्क' म्हणून जो रुपेरी-काळा, सतत पोहणारा मासा मुलांना दाखवतात तो पंगास. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांमधला कॅटफिश. पूर्ण वाढला तर मीटरभराहून लांब आणि वजन चाळीस किलोच्या पुढे. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. आंध्रातल्या तळ्यांत तो वर्षाच्या आत किलोभराचा होतो. झपाट्याने वाढतो म्हणून ज्याची शेती केली जाते, तोच मासा आपण मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवतो. शिवाय तो घाबरट आणि कळपाने राहणारा. खोलीतला दिवा अचानक लागला की सरळ काचेवर जाऊन आदळतो. अशा माशांच्या थोबाडावरची सोललेली पांढरी जखम मी इतक्यांदा पाहिली आहे की कुणी मासा दाखवला की आधी तोंडाकडेच नजर जाते.

"मासा टाकीएवढाच वाढतो" हे वाक्य जवळपास प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. मासा टाकीचं माप घेऊन वाढत नाही. लहान टाकीत मोठ्या माशाची घाण साचते, अमोनिया आणि नायट्रेट वाढतात, कल्ले भाजून निघतात, खाणं अंगी लागत नाही, काहींचा कणा वाकतो. त्यामुळे वाढ खुंटते. दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा मासा दोन-तीन वर्षांत मरतो आणि घरातले म्हणतात, "त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

माझं म्हणणं एवढंच आहे: जी टाकी आज घरात नाही, तिच्या भरवशावर मासा घेऊ नये. "मोठा झाला की मोठी टाकी घेऊ" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, मग आजच का नाही घेत? पैसे नाहीत, जागा नाही, घरचे तयार नाहीत. ही तिन्ही कारणं वर्षभरानेही तशीच असतात. फरक इतकाच की तेव्हा मधे एक जिवंत जनावर अडकलेलं असतं.

आता मला खरोखर पडलेला प्रश्न. मी असे मासे ठेवून घेतो, त्यामुळे लोकांना "कुणीतरी घेईलच" अशी खात्री वाटते का? आणि दुकानात खितपत पडलेला मोठा मासा सोडवण्यासाठी विकत घ्यावा का? मतं हवी आहेत.

ठाणेकर_आई

धागा वेळेवर आला. या रविवारी कुर्ल्याच्या मासे बाजारात जायचं ठरलं आहे. टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची. लेकाची यादी अशी: दोन गोल्डफिश, दोन शार्क, एक सकर "टाकी साफ करायला" आणि दोन एंजल.

एक सांगते. सामान्य माणसाला हे कळणार कसं? भाजीवाल्याला विचारून भाजी घेतो तसं आपण दुकानदाराला विचारतो. तोच "काही होत नाही ताई" म्हणाला तर पुढचा दोष माझ्या माथी कसा?

काचतळं

@ठाणेकर_आई, पहिल्या दिवशीचा दोष तुमचा नाही. दुकानदाराला माहीत असतं, तुम्हाला नसतं. पण तुमच्या हातात फोन आहे. माशाच्या नावापुढे 'पूर्ण वाढ किती' एवढं शोधलं की दोन मिनिटांत कळतं. कुत्र्याचं पिल्लू आणताना आपण तेवढं विचारतोच.

यादीबद्दल: शार्क नको, कारण वर लिहिलंय. सकरही नको. दुकानात करंगळीएवढा दिसतो, पण तो चाळीस-पन्नास सेंटीमीटरपर्यंत जातो. तुमची टाकी साठ सेंटीमीटर लांब आणि तीस रुंद आहे, म्हणजे त्याला तोंड फिरवता यायचं नाही. वर तो साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो, दिवसभर त्याची विष्ठा दोऱ्यासारखी लोंबत असते. शेवाळ खाणारा हवा असेल तर ब्रिसलनोज विचारा, तो बारा-तेरा सेंटीमीटरवर थांबतो.

गोल्डफिशचं ऐकून लोकांना नवल वाटतं. साधा गोल्डफिश वीस सेंटीमीटरच्या वर जातो आणि दहा वर्षांहून जास्त सहज जगतो. इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशची ४३ वर्षं जगल्याची नोंद आहे, आणि तो जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला मासा होता. आपल्याकडे मात्र त्याला वाडग्यात ठेवतात. इटलीत मॉन्झा शहराने २००४ साली आणि पाठोपाठ रोमने गोल वाडग्यात गोल्डफिश ठेवायला बंदी घातली.

एंजलला लांबीपेक्षा उंची लागते, एक फूट पाण्यात त्याचे पंख दुमडतात. तेव्हा तुमच्या ५५ लिटरला झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, गप्पी यांतलं काहीतरी आठ-दहाच्या घोळक्याने ठेवा. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला मासा आहे. घोळका एकदम वळतो तेव्हा मुलगा शार्क विसरून जाईल.

भीमाकाठचा

सकरचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आम्ही उजनीच्या पाण्यावर जगणारी माणसं. हा मासा आमच्या जाळ्यात यायला लागला तेव्हा जुन्या लोकांना नावही माहीत नव्हतं. कुणी हेलिकॉप्टर म्हणतं, कुणी सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे म्हणतात. तिथून भीमेत तो पोहत आलेला नाही.

शहरातल्या लोकांना कळावं म्हणून सांगतो. याच्या अंगावर खवलं नसतात, हाडाच्या पट्ट्या असतात. जाळ्यात अडकला की पंखांचे पुढचे काटे ताठ करतो आणि ते काटे मिटत नाहीत. मागे ओढलं तर जाळं फाटतं, पुढे ढकललं तर गुंता वाढतो. शेवटी कात्रीने कापूनच काढावा लागतो. एका फेरीत असे थोडेजरी आले तर सकाळ त्यातच जाते, आणि बाजारात त्याला भाव नाही. पाण्याबाहेर टाकला तरी तासन्‌तास जिवंत राहतो, कारण तो हवाही गिळतो. काठाच्या मातीत बिळं करतो, त्यात अंडी घालतो आणि नर राखण करत बसतो. अशा माशाला संपवायचं कसं, कुणी सांगावं.

टाकीतून मासा काढून धरणात सोडणाऱ्याला वाटतं आपण जीव वाचवला. त्या एका जिवाची किंमत इथली घरं मोजतात. मरळ, कटला, शिंगटा यांची पिल्लं आणि याची भूक एकाच पाण्यात.

पाणकावळा

@भीमाकाठचा, तुमचं दुःख पोचलं. पण एक शंका आहे. महापालिका स्वतः डासांसाठी गप्पी मासे डबक्यांत आणि विहिरींत सोडते. आमच्या गावात देवळाच्या तळ्यात मासे सोडणं पुण्याचं मानतात. मग एखाद्याने ऑस्कर सोडला तर एवढा गहजब का?

मत्स्यवेडी

@पाणकावळा, गप्पीही इथला नाही आणि तो सोडण्यालाही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. डासांच्या अळ्या खाणारे आपले देशी छोटे मासे आहेत, ते वापरावेत असं म्हणणारे बरेच आहेत. एक चूक चालून गेली म्हणून दुसरी योग्य ठरत नाही.

ऑस्कर तीस सेंटीमीटरचा शिकारी मासा आहे, तोंडात मावेल ते खातो. देवळाच्या तळ्याला पावसाळ्यात सांडवा असतो, सांडव्याला ओढा आणि ओढ्याला नदी. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. उत्तर अमेरिकेतला सुसरीच्या तोंडाचा मासा, दोन मीटरहून मोठा होणारा. तो काश्मीरला हौशी लोकांच्या टाक्यांशिवाय पोचणार कसा? २०१८ च्या महापुरानंतर केरळात चालकुडी नदीत अरापैमा हे दक्षिण अमेरिकेतले महाकाय मासे सापडले. ते तर कुणी सोडलेही नव्हते, पुराचं पाणी तळ्यांवरून गेलं आणि मासे नदीत आले. म्हणजे "माझं शेततळं आहे, माझा मासा कुठे जात नाही" हेही खरं नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जातींसाठी कलम ६२अ आलं आहे. त्यानुसार केंद्र सरकार अशा जातींची आयात, व्यापार, बाळगणं यांवर बंधनं किंवा बंदी घालू शकतं. अधिकार आहे, वापरायला हवा.

मिनेसोटाकर

इकडचं उदाहरण देतो. आमच्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नावाचं गाव आहे. २०२१ च्या जुलैत तिथल्या केलर तलावात अमेरिकन फुटबॉलएवढे गोल्डफिश निघाले. गावाने नागरिकांना जाहीर विनंती केली की पाळलेले गोल्डफिश तलावात सोडू नका, ते तळ ढवळतात, वनस्पती उपटतात आणि पाणी गढूळ होतं. वाडग्यात 'वाढत नाही' म्हणून ज्याची ख्याती, तो तलावात केवढा होतो ते त्या फोटोंत दिसलं.

बांधकामातला

"मोठी टाकी घेऊ" या वाक्याबद्दल व्यवसायाच्या नात्याने लिहितो, कारण याचा हिशेब कुणी करत नाही.

सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर. पाण्याचंच वजन ६८० किलो. जाड काच, लोखंडी स्टँड, वाळू-दगड धरले तर नऊशे किलोच्या आसपास जातं. हे सगळं उभं राहतं १२ चौरस फुटांवर, म्हणजे सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी आपल्याकडे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात, इथे तो साधारण चौपट होतो. स्लॅब लगेच कोसळेल असं मी म्हणत नाही. भार पसरतो, टाकी तुळईवर किंवा भिंतीलगत असेल तर फरक पडतो. पण जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, बाल्कनीच्या कडेला अशी टाकी मांडायच्या आधी इंजिनिअरला दाखवा. बाल्कनीत तर नकोच.

आणि ही सहा फुटी टाकीसुद्धा पंगासला किंवा रेड टेल कॅटफिशला पुरत नाही ना? मग लोक 'मोठी टाकी' म्हणतात ती नेमकी केवढी?

काचतळं

@बांधकामातला, नाही पुरत. रेड टेल मीटरच्या वर जातो, अ‍ॅमेझॉनचा मासा. दुकानात तो बोटभर असतो, मिशा पांढऱ्या, शेपूट लाल, कुणालाही मोह पडेल असा. त्याला लागते ती टाकी नव्हे, खोलीएवढा हौद लागतो. मोठं पाणी राखायचं तर वीजही लागते. ग्रामीण भागात लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला की प्राणवायूअभावी आधी मोठे मासे जातात.

जलरंग_दुकान

मी डोंबिवलीत मत्स्यालयाचं दुकान चालवतो. इथे सगळे दुकानदारांवर बोलतायत म्हणून आमची बाजू मांडतो.

आमचा माल कोलकात्याहून आणि चेन्नईच्या कोळत्तूरहून येतो. पंगासची पिल्लं स्वस्त पडतात, कारण खाण्याच्या मत्स्यशेतीसाठी हॅचऱ्या ती लाखांनी काढतात, त्यातलीच थोडी शोभेच्या बाजारात येतात. खरं सांगायचं तर पंगास विकून आम्हाला काहीच सुटत नाही. कमाई टाकी, फिल्टर आणि खाद्यात असते. पण मुलाने शार्ककडे बोट दाखवलं आणि मी नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक टाकीसकट पलीकडच्या दुकानात जातं. २०१७ साली केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले आणि पुढे मागे घेतले. सगळ्यांना सारखा नियम असता तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

अजून एक. लोक वाढलेले मासे परत आणून देतात. माझ्याकडे चार फुटी टाकीत दोन ऑस्कर आणि एक अरोवाना आहे, असेच आलेले. ती जागा मला विक्रीला वापरता येत नाही. मी तरी किती ठेवू?

नीरक्षीर

अरोवानाचं नाव निघालं म्हणून. हा मासा आपल्याकडे वास्तूसाठी घेतला जातो. बैठकीत अमुक दिशेला ठेवला की पैसा येतो, आणि मेला तर घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं असं म्हणतात. हीच समजूत फ्लॉवरहॉर्न या माशाबद्दलही ऐकली आहे. मला याचा मनापासून राग येतो. मासा मेला की कुणी पाणी तपासत नाही, टाकी मोजत नाही. संकट टळलं म्हणून समाधान मानतात आणि दुसरं पिल्लू आणतात. सिल्व्हर अरोवाना नव्वद सेंटीमीटर होतो आणि पृष्ठभागालगत सरळ रेषेत पोहणारा मासा आहे. तीन फुटी टाकीत त्याला शरीर वाकवून वळावं लागतं. ज्याच्यामुळे घरात बरकत यावी अशी इच्छा आहे, त्याला निदान सरळ पोहता यावं एवढी जागा द्यायला नको का?

मत्स्यवेडी

सहमत. @काचतळं यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी सासवडजवळ शेतावर बांधीव हौदात वाढलेले मासे ठेवते. हौद जमिनीपासून वर आहे, जाळीने झाकलेला, पाणी ओढ्याला जात नाही. माझ्या मते दुकानात कुजत असलेला मासा विकत घेऊन सोडवायला हरकत नाही. समोर एक जीव तडफडतोय आणि मी तत्त्वाचा विचार करत बाहेर पडायचं, हे मला जमत नाही.

काचतळं

@मत्स्यवेडी, तुमच्या हौदाबद्दल आदर आहे. पण पैसे दिले की दुकानाच्या वहीत ती फक्त एक विक्री असते. मोठा रेड टेल खपला म्हणून पुढच्या खेपेला आणखी पिल्लं मागवली जातात. तुम्ही एक सोडवलात आणि त्याच्या जागी दुसरा आणायला पैसे दिलेत. दुकानदार फुकट देत असेल तर जरूर घ्या. विकत नको.

मत्स्यवेडी

फुकट कोण देतो? जलरंगसारखे असतील, पण बहुतेक जण मासा मरू देतील, फुकट देणार नाहीत. तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तरी मी पुढच्या वेळी तो मासा घेऊन येईन. मात्र एक मान्य: असं सोडवून आणलं की फोटो टाकून कौतुक करून घेऊ नये, त्याने मागणी वाढते.

साळुंकी

प्रश्न कुणाला विचित्र वाटेल, पण आम्ही मासे खाणारी माणसं आहोत म्हणून विचारते. पंगास काय किंवा पाकू काय, बाजारात खाण्यासाठी मिळतातच. रूपचंद म्हणतात तो पाकूच ना? मग वाढलेला मासा खाल्ला तर काय बिघडलं? सोडून देण्यापेक्षा बरं.

काचतळं

@साळुंकी, विचित्र नाही, रास्त प्रश्न आहे. हो, रूपचंद म्हणजे पाकूच. पण शोभेच्या टाकीतला मासा खाऊ नका. बुरशी आणि परजीवींसाठी टाकीत मॅलाकाइट ग्रीन, मिथिलीन ब्लू, अँटिबायोटिक्स अशी औषधं टाकतात. खाण्याच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन चालत नाही, आणि दुकानापासून घरापर्यंत त्या माशाच्या अंगात काय काय गेलं हे सांगता येत नाही.

जागा मिळालीच नाही आणि मासा हाल सोसतोय, तर पशुवैद्याला विचारून त्याला वेदनेविना मरण देणं हा पर्याय आहे. लवंगेच्या तेलाने माशाला आधी गुंगी येते. मात्र प्रमाण आणि पद्धत जाणकाराकडूनच घ्या. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा संडासात ओतणं म्हणजे हाल करून मारणं. बोलायला जड विषय आहे, पण नदीत सोडण्यापेक्षा हे जबाबदारीचं आहे.

आणि मासे ठेवून घेण्याबद्दल तुम्हा सगळ्यांचं वाचून मी असं ठरवलंय: मासा घेईन, पण देणाऱ्याने त्या टाकीत पुन्हा मोठी होणारी जात आणायची नाही, हे आधी कबूल करायचं. त्या टाकीला शोभतील असे मासे निवडायला मी स्वतः सोबत जाईन.

ठाणेकर_आई

शार्क आणि सकर रद्द. गोल्डफिशवर अजून वाटाघाटी चालू आहेत.

जलरंग, एक सुचवते. नाही म्हणू नका, फक्त टाकीवर चिठ्ठी लावा. माझ्यासारखी आई ती वाचून मुलाला स्वतःच नाही म्हणेल. तुमच्याशी वाद होणार नाही.

जलरंग_दुकान

हे करता येईल. मजकूर द्या, छापून लावतो. सोप्या भाषेत, सेंटीमीटरबरोबर फुटांतही, म्हणजे गिऱ्हाईक लगेच टाकीशी ताडून बघेल.

काचतळं

घ्या, मोठ्या अक्षरात छापा.

पंगास ('शार्क'): सव्वातीन फुटांहून मोठा होतो. घरगुती टाकीसाठी नाही.
रेड टेल कॅटफिश: सव्वातीन फुटांहून मोठा. घरगुती टाकीसाठी नाही.
सिल्व्हर अरोवाना: ९० सेंमी, म्हणजे तीन फूट.
कोई: ६० सेंमी किंवा जास्त, दोन फूट. टाकी नको, तळं हवं.
सकर: ४० ते ५० सेंमी, दीड फूट. धरणात, नदीत, तळ्यात सोडू नये.
बाला शार्क (पंगासहून वेगळा मासा): ३५ सेंमी, सव्वा फूट, आणि एकटा राहत नाही.
ऑस्कर: ३० सेंमी, एक फूट. एकट्यालाही चार फुटी टाकी.
गोल्डफिश: २० सेंमीहून जास्त, आयुष्य दहा वर्षांच्या वर. वाडग्यात ठेवू नये.

भीमाकाठचा

सकरच्या ओळीत 'विहिरीत' हाही शब्द घाला. आणि तीच ओळ सगळ्यात वर, लाल अक्षरात.

जलरंग_दुकान

घातला. लाल अक्षरात वर घेतो. शनिवारी छापून येईल, पलीकडच्या दुकानालाही एक प्रत देतो.